पोरगी टर्फवर पळते, ग्राउंडवर काऊन नाही पळत?

एका ताईंनी विचारलं ते थोडक्यात असं. त्यांची मुलगी १४ वर्षांची, फुटबॉलमध्ये विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेनं, खेळते, आठवड्यातून तीनदा नागपुरात मानेवाड्याकडच्या एका टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, प्रॅक्टिस. तिथं बाबांनी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ३० मीटर घेतलं तर ४.९ सेकंद आलं अन् शाळेच्या मुरमाच्या ग्राउंडवर ५.३. महिन्याभरानं जिल्ह्याची निवड चाचणी आहे ती मुरमावरच. तर पोरगी स्लो झाली का, महागडे स्टडचे (तळाला टोकं असलेले) बूट घेऊन दिले तर फरक पडेल का, अन् टर्फवर खेळून गुडघा जातो म्हणतात ते खरं का, कारण तिचा गुडघा मधून मधून दुखतो.

मी सतरा वर्षं मुलींच्याच टीमचं फिटनेसचं काम बघून राहिली आहे, त्याआधी स्वतः विद्यापीठाकडून खेळले, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी ते ४.९ अन् ५.३ बघू. स्टॉपवॉच अंगठ्यानं दाबतो न आपण, तर सुरुवातीला मुलगी निघालेली दिसल्यावर अंगठा हलतो, म्हणजे उशिरा, अन् शेवटी ती लाइनवर येताना आपण अंदाजानं आधीच दाबतो. अ‍ॅथलेटिक्समध्ये १०० मीटरचा हातानं घेतलेला टाइम इलेक्ट्रॉनिकशी जुळवायचा असला तर त्यात ०.२४ सेकंद मिळवायचे असा हिशोब आहे, अन् ते सराईत टाइमकीपरचं झालं. आपण बाबा लोक, एका हातात पाण्याची बाटली. शिवाय टर्फवर ३० मीटर कसं मोजलं? टेपनं का पावलं टाकून? बॉक्स टर्फ, म्हणजे चारी बाजूंनी जाळी लावलेलं छोटं टर्फ, कित्येकदा पूर्ण ४० मीटरही लांब नसतं, मग समोर जाळी दिसते म्हणून पोट्टी आधीच ब्रेक मारते किंवा मोजणाराच दोन मीटर खाऊन टाकतो. तर ०.४ सेकंदातला बराचसा फरक मोजण्यातला असू शकतो, आधी तो काढून टाका. मोबाइल ट्रायपॉडवर ठेवून स्लो-मोशन व्हिडिओ घ्या, टेपनं मोजून ० ला, १० ला अन् ३० ला चुन्याची लाइन मारा, प्रत्येक जागी तीन रन, मध्ये तीन तीन मिनिटं आराम, त्यातला बेस्ट धरा.

१० मीटरची लाइन मी उगीच नाही सांगितली, सगळं उत्तर तिच्यातच आहे. समजा फरक पहिल्या १० मीटरमध्येच पडला अन् पुढच्या २० मीटरला दोन्हीकडं जवळपास सारखा टाइम आला तर तो ग्रिपचा मामला आहे, पायात ताकद तेवढीच आहे पण जमीन धरून नाही राहिली. अन् फरक पुढं पुढं वाढतच गेला तर ग्राउंड मऊ आहे, नाहीतर खड्ड्याखुड्ड्याचं आहे अन् पोरगी खाली बघत पळते, किंवा सरळ घाबरते. घाबरणं हेही कारण असतं बरं का, एकदा मुरमावर गुडघे सोलले की पुढचे पंधरा दिवस कुणीच जीव टाकून पळत नाही, मीही पळायचे नाही.

असं का होतं ते सांगते. उभ्यानं निघताना पहिल्या दोन-तीन पावलांत अंग पुढं झुकलेलं असतं अन् पाय जमिनीला मागं ढकलतो, प्रत्येक पाऊल जमिनीवर साधारण ०.१५ ते ०.२ सेकंद टेकतं, तेवढ्यात जे काही ढकलायचं ते ढकलायचं. मुरूम म्हणजे खाली दगडासारखा कडक थर अन् वर सुटे खडे. फरशीवर तूरडाळ सांडली अन् तिच्यावरून पळायला सांगितलं तर कसं होईल, तसं. खालचा थर कडक म्हणून स्टड आत शिरत नाही अन् वरचे खडे सरकतात, पाय थोडा मागं घसरतो, शरीराला ते लगेच कळतं अन् पुढच्या पावलाला ते आपोआप सरळ उभं होतं, पावलं छोटी पडतात. बघणाऱ्याला वाटतं पोरगी आज सुस्त आहे. एकदा स्पीड आली, अंग सरळ झालं, की मग जोर मुख्यतः खालच्या दिशेनं लागतो, तिथं ग्रिपचं इतकं काम नाही, म्हणून पुढच्या २० मीटरला फरक कमी दिसतो.

आता फुटबॉलमध्ये स्प्रिंट म्हणजे काय ते बघा. फिफानं २०१९ च्या महिला वर्ल्ड कपचं जे फिजिकल अ‍ॅनालिसिस केलं त्यात ताशी २३ किलोमीटरच्या वरचं पळणं स्प्रिंट धरलं, पुरुषांना साधारण २५ धरतात. (म्हणून घड्याळातल्या किंवा जीपीएस वेस्टमधल्या अ‍ॅपनं 'स्प्रिंट शून्य' दाखवलं तर पोरीवर ओरडू नका, आधी त्याची सेटिंग पुरुषांची आहे का बघा.) तुमची मुलगी ३० मीटर ४.९ मध्ये करते म्हणजे सरासरीच ताशी २२ झाली, टॉप स्पीड त्याच्या वर जात असणार, चांगली आहे ती. पण मॅचमधल्या बहुतेक स्प्रिंट दहा-वीस मीटरच्या असतात, दोन-तीन सेकंदांच्या, म्हणजे टॉप स्पीडला पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो नाहीतर डिफेंडर अंगावर आलेली असते. म्हणून ग्राउंड फास्ट का स्लो हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. ग्राउंडचा खरा परिणाम पहिल्या तीन पावलांवर होतो अन् शेवटच्या तीन पावलांवर, म्हणजे थांबताना, वळताना. शेवटच्या तीन पावलांकडं कुणी स्टॉपवॉच घेऊन बघत नाही अन् गुडघे तिथंच जातात. त्याच्याकडं येतेच.

त्याआधी एक गैरसमज, जो कोच लोकांच्या तोंडी पण असतो: 'कडक ग्राउंड फास्ट असते'. पूर्ण खरं नाही. १९७० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठात एक इनडोअर ट्रॅक बनवला होता, त्याचा लवचीकपणा पळणाऱ्याच्या पायाशी जुळेल असा हिशोब करून, अन् त्याच्यावर टाइम दोन-तीन टक्क्यांनी सुधारले. काँक्रीट त्याच्यापेक्षा कितीतरी कडक, पण फास्ट तो ट्रॅक. म्हणजे जमीन किंचित दबली पाहिजे अन् पाय उचलायच्या आत परत वर आली पाहिजे, दबून तशीच राहिली तर तुमची मेहनत तिच्या पोटात गेली. वाळूत तेच होतं, वाळूवर पळायला कडक जमिनीच्या दीडपटीहून जास्त एनर्जी लागते.

अन् आपल्याकडं वाळू नाही तर काळी माती आहे बाप्पा. नागपूरच्या आजूबाजूला जिथं मुरूम टाकलेला नाही तिथं खाली कापसाची काळी जमीन, पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात, अख्खा पंजा जाईल एवढ्या. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्यावर प्रॅक्टिस घेतली की दहा मिनिटांत प्रत्येकीच्या बुटाखाली चिखलाचा गोळा, स्टड त्याच्यात बुडून जातात अन् तळवा सपाट होतो, म्हणजे बूट जड अन् ग्रिप शून्य. मी तेव्हा स्प्रिंटचं काही घेतच नाही, पासिंग घेते, अन् हातात एक-एक काडी देते चिखल काढायला. तीच जमीन एप्रिलमध्ये सिमेंट. मुरूम मात्र पावसात बरा, ओल असली की खडे बसतात, पाणी मुरतं. आता दिवाळी होऊन गेली, पाऊस जाऊन बरेच दिवस झाले, म्हणजे वरचा थर पूर्ण सुटलेला असणार, तुमच्या मुलीचं ५.३ बहुतेक त्याच्यातलंच आहे. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी आयोजकांनी पाणी मारून रोलर फिरवला तर वेगळंच ग्राउंड मिळेल तिला. आदल्या दिवशी जाऊन विचारा, यात लाजायचं काही नाही.

टर्फचं बोलू. सगळे टर्फ एकच असतात, हे आधी डोक्यातून काढा. मोठ्या मैदानावरचं फुटबॉलचं टर्फ म्हणजे ४० ते ६० मिलिमीटर लांब पाती, खाली वाळू, वर रबराचे काळे दाणे, बऱ्याच ठिकाणी त्याखाली शॉकपॅड, म्हणजे धक्का शोषणारी गादी. फिफाच्या टेस्ट असतात त्याला, पाय आपटल्यावर किती धक्का शोषला जातो, बॉल किती उसळतो, अन् स्टड टेकवून फिरवला तर किती अडकतो, यात कमीत कमी अन् जास्तीत जास्त दोन्ही मर्यादा असतात, कारण कमी अडकला तर घसरतो अन् जास्त अडकला तर पाय तिथंच राहतो अन् गुडघा फिरतो. मुंबईचं कूपरेज, बंगळुरूचं फुटबॉल स्टेडियम, ही आर्टिफिशियलच आहेत, पुढं राज्याच्या टीमकडून खेळली तर अशा टर्फवर खेळावंच लागणार, त्यामुळे टर्फशी दुश्मनी करून चालत नाही.

पण आपल्या गल्लीतलं टर्फ? ते मुख्यतः बॉक्स क्रिकेटसाठी बांधलेलं असतं. पाती आखूड, त्यात नुसती वाळू, खाली काँक्रीट, गच्चीवर असेल तर स्लॅबच. दोन वर्षांत पाती झोपतात, जिथं रोजची बॅटिंग तिथं टक्कल पडतं. घरच्या घरी तपासायचं असेल तर एक सोपं करा, हवा नीट भरलेला फुटबॉल दोन मीटरवरून, म्हणजे डोक्यावर हात उंच करून, सोडा. फिफाच्या मापात तो साधारण ६० सेंटिमीटर ते १ मीटर उसळला पाहिजे. तुमच्या छातीपर्यंत आला तर ते टर्फ पायांसाठी फरशीच आहे, हिरव्या रंगाची.

आता गुडघा. मुलींमध्ये गुडघ्याची एसीएल दोरी (आतून हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट) तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा दोन-तीन पट, काही अभ्यासांत त्याहून जास्त सांगितलंय, अन् ती कुणी लाथ मारल्यामुळं कमी अन् एकटीनंच ब्रेक मारताना, कट मारताना (पळता पळता एकदम वळताना), उडी मारून उतरताना जास्त तुटते. मग टर्फ दोषी का? २०१५ चा महिला वर्ल्ड कप कॅनडात पूर्ण आर्टिफिशियल टर्फवर झाला, त्याआधी २०१४ मध्ये अ‍ॅबी वॉमबॅक, मार्टा अशा मोठ्या खेळाडू मानवी हक्क ट्रायब्युनलकडं गेल्या होत्या, पुरुषांचा वर्ल्ड कप कधी असल्या टर्फवर ठेवला का म्हणून. पुढं जानेवारीत केस मागं घेतली अन् खेळल्या टर्फवरच. त्यांची तक्रार रास्त होती, कातडं सोलटून निघतं, टर्फ तापतं, बॉल वेगळा येतो, अन् भेदभाव तर होताच. पण दुखापतीचे आकडे इतके सरळ नाहीत. नॉर्वेत तरुण मुलींवर एक मोठा अभ्यास झाला त्यात टर्फ अन् गवत दोन्हीवर एकूण दुखापती जवळपास सारख्या निघाल्या, फक्त मॅचमधल्या गंभीर दुखापती टर्फवर जवळपास दुप्पट. अन् २०१५ च्याच डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या मेगन रॅपिनोची एसीएल हवाईमध्ये तुटली ती गवतावर, प्रॅक्टिसमध्ये. दोन दिवसांनी अमेरिकेच्या टीमची तिथं मॅच होती ती रद्द झाली ती मात्र तिथल्या स्टेडियमचं टर्फ उखडलेलं होतं म्हणून. म्हणजे खराब गवतही वाईट अन् खराब टर्फही वाईट.

माझं मत विचाराल तर नुसता एक पृष्ठभाग वाईट नसतो, तर अदलाबदल अंगावर येते. सोमवारी टर्फ, मंगळवारी मुरूम, गुरुवारी परत टर्फ, बूट तेच. पायाला सवय झालेली असते घसरण्याची, मुरमावर ब्रेक मारला की बूट थोडा सरकून थांबतो अन् तेवढा धक्का खाऊन टाकतो, मग टर्फवर त्याच जोरात ब्रेक मारला की बूट जागेवर अडकतो अन् उरलेलं सगळं गुडघ्यावर येतं. माझंच झालं होतं हे. आयुष्यभर मुरमावर खेळलेली मी, एका नव्या टर्फवर हौसेनं गेले, पायात गवताचे लांब स्टड, डावीकडं कट मारला, बूट राहिला तिथंच. आठ महिने घरी. तिथल्या टर्फला मी खूप शिव्या दिल्या तेव्हा, पण बूट चुकीचा माझाच होता.

म्हणून पैसे घालवायचे तर बुटावर घालवा, पण महागडे म्हणून नाही, योग्य म्हणून. बुटाच्या खोक्यावर लिहिलेलं असतं: एफजी म्हणजे गवताच्या घट्ट मैदानाचे, लांब स्टड. एसजी म्हणजे ओल्या मऊ गवताचे, धातूची टोकं, नागपुरात कुणालाच नको. एजी म्हणजे आर्टिफिशियलचे, आखूड अन् जास्त स्टड. टीएफ म्हणजे तळव्याला रबराचे बारीक बारीक दाणे. आता १४ वर्षांची मुलगी समजा ४५ किलोची, तिच्या वजनानं एफजीचे स्टड कडक मुरमात शिरतीलच कसे? ७५ किलोच्या माणसाचे नाही शिरत. ती मग बारा टोकांवर तोल सांभाळत पळते, ग्रिप नाही, तळवा दुखतो. आपल्या सुक्या मुरमासाठी अन् बॉक्स टर्फसाठी टीएफ सगळ्यात भारी, ते स्वस्तही असतात. पूर्ण साइजचं टर्फ असेल तर एजी. एफजीचा जोड फक्त हिरव्या मैदानाला, तेही खरंच हिरवं असलं तर. अजून एक, बहुतेक बूट पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बनतात, मुलींची टाच त्यामानानं अरुंद असते, म्हणजे पुढून फिट अन् मागं ढिल्ला, अन् पाय बुटाच्या आतच सरकला तर जमिनीनं कितीही धरून काय फायदा. नाइकीनं २०२३ मध्ये फँटम लूना नावाचा मुलींच्या पायाचा विचार करून बूट काढला, त्याच्या स्टडची मांडणी पण गोलाकार, पाय वळावा म्हणून, पण त्याची किंमत बघून मी दुकानातच परत ठेवला. सीताबर्डीत संध्याकाळी जा, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा, खेळायचे मोजे घालून माप घ्या, अन् टाच उचलून बघा.

गुडघा दुखतो म्हणालात, तर वाटीच्या खाली हाडाचा जो उंचवटा आहे तिथं दाबल्यावर दुखतं का बघा. वाढीच्या वयात कडक जमिनीवर खूप उड्या-पळणं झालं की तिथं दुखतं, लोड कमी केला की बहुतेक बरं होतं. सूज असेल, गुडघा अडकत असेल, किंवा 'निसटल्यासारखं' वाटत असेल तर मात्र फिजिओ किंवा ऑर्थोकडं, चाचणी गेली उडत.

महिनाभर काय करायचं तर, पहिलं म्हणजे आठवड्यातल्या तीन टर्फपैकी दोन दिवस मुरमावर आणा, पण पहिल्या आठवड्यात ७०-८० टक्के जोरानंच. मुरमावर निघताना पहिली तीन पावलं जरा छोटी अन् पटपट टाकायला शिकवा, मोठं पाऊल टाकलं की पाय अंगाच्या पुढं पडतो अन् घसरतो. अन् ब्रेक शिकवा! एका पावलात नाही, तीन-चार छोट्या पावलांत थांबायचं, बूड खाली, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. १० मीटर पळा अन् २ मीटरच्या आत थांबा, असं पाच-सहा वेळा, बस. वॉर्मअपला फिफा ११ प्लस करा, यूट्यूबवर फुकट आहे, वीस मिनिटं लागतात, नॉर्वेतच मुलींवर त्याचा अभ्यास झाला अन् दुखापती साधारण एक तृतीयांश कमी झाल्या. आपल्याकडं वॉर्मअप म्हणजे ग्राउंडला दोन चकरा अन् हात फिरवणे, ते सोडा आता.

अजून एक सांगते जे विषयाच्या बाहेर वाटेल. हिमोग्लोबिन तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं. अशी मुलगी पहिली स्प्रिंट मस्त मारते, सहावी-सातवी मारताना ढेपाळते, अन् मऊ किंवा घसरड्या ग्राउंडवर तर लवकरच, कारण तिथं प्रत्येक पावलाला जास्ती खर्च. मग आपण ग्राउंडला अन् बुटाला दोष देत बसतो. सकाळी नुसत्या चहावर प्रॅक्टिसला येणाऱ्या किती पोट्ट्या मी बघितल्या, नंतर तर्री पोहे खातात ते ठीक, पण आधी एक केळं तरी.

उन्हाचं एवढंच, मे महिन्यात दुपारी टर्फचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो, पाणी मारलं तरी थोड्याच वेळात परत तापतो, तेव्हा सकाळी सहा नाहीतर रात्री. तुमची चाचणी डिसेंबरात आहे तर तो प्रश्न नाही, उलट सकाळी थंडीत अंग आखडलेलं असतं, वॉर्मअप दहा मिनिटं जास्त.

अन् ती वेगवेगळ्या ग्राउंडवर खेळते याचं वाईट वाटून घेऊ नका. विजय बारसे सरांनी आपल्या नागपुरात २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं ते पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी पोरं बघून, त्या पोरांना कुठलं टर्फ अन् कुठले स्टड. पायाला जेवढ्या जमिनी माहीत तेवढं बरं, फक्त एका दिवसात एकीवरून दुसरीवर पूर्ण जोरानं उडी मारू नका.

चाचणीला टीएफ अन् जुने एफजी दोन्ही बॅगेत ठेवा, रात्री पाणी मारलं असेल तर पोचल्यावर दोन्ही घालून पाच-पाच मीटर निघून बघू द्या तिला, जो कमी सरकला तो. बूट नवा असेल तर त्याआधी दोन-तीन प्रॅक्टिसमध्ये वापरलेला पाहिजे. अन् मोजे जुनेच घाला, नव्या गुळगुळीत मोज्यात पाय आतल्या आत सरकतो.